गादीवर शू करणारा ढब्बू : नौपाड्यातल्या एका घराची केस

ढब्बू म्हणजे केशरी-पांढरा बोका, वय साधारण चार वर्षं, नसबंदी झालेली. चिंगी दोन वर्षांची, तिरंगी, तिचंही ऑपरेशन झालेलं. घर ठाण्यात नौपाड्याला, जुनी चार मजली सोसायटी, दुसरा मजला, टू बीएचके, घरात काका-काकू, मुलगा आणि सून. दोन्ही मांजरं कधीच घराबाहेर गेलेली नाहीत, सगळ्या खिडक्यांना ग्रिल आणि आतून जाळी. दोघं एकमेकांना चाटायची, काकांच्या आरामखुर्चीत एकावर एक झोपायची, असं सगळं छान चाललेलं. नावं बदललीत, बाकीचं घरच्यांना विचारूनच लिहितेय, कारण ही केस बऱ्याच घरांना उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

फेब्रुवारीत सूनबाईंचा मेसेज आला. "ताई, ढब्बू गादीवर शू करतोय, ते पण बाबांच्याच बाजूला. चिंगीला बघितलं की अंगावर धावून जातो, काल तिचं कान फाडलं. बाबा म्हणतायत याला कुठेतरी सोडून येऊ, आई रडतायत. काय करू?"

मांजरांच्या घरांना मदत करते म्हणून असे मेसेज मला खूप येतात आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच असतो. शू होतेय का, किती होतेय, आणि करताना त्रास होतोय का? कारण बोक्याचा मूत्रमार्ग खूप अरुंद असतो, तिथे बूच बसलं आणि शू अडकली तर एक-दोन दिवसात जनावर दगावू शकतं. पोटॅशियम वाढतं, हृदयावर येतं. ही स्ट्रेसची वगैरे चर्चा करायची वेळ नसते, रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठायचा असतो. बोका ट्रेमध्ये, म्हणजे त्याच्या शू-शीच्या डब्यात, पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि आतलं लिटर (वाळू) कोरडंच आहे, असं दिसलं तर "बद्धकोष्ठ असेल" म्हणून सकाळपर्यंत थांबू नका प्लीज.

ढब्बूची शू थेंब थेंब होत होती, दिवसातून कितीतरी वेळा, आणि सूनबाईंनी पांढऱ्या बेडशीटचा फोटो पाठवला त्यात फिक्कट गुलाबी डाग. म्हणजे रक्त. त्याच संध्याकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलं. ब्लॅडर हाताला छोटं आणि मऊ लागलं, म्हणजे अडकलेलं नव्हतं, सुटलो. युरिन टेस्ट झाली, सोनोग्राफी झाली. खडा नाही, इन्फेक्शन नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं ते फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाला सूज आहे पण बाकीची सगळी कारणं तपासून बाद झालीत. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत अशा लक्षणांमागे सगळ्यात जास्त हेच निघतं, बॅक्टेरियाचं इन्फेक्शन त्या वयात कमीच सापडतं. म्हणून त्यांनी अँटिबायोटिक दिलंच नाही, फक्त वेदनेचं औषध दिलं आणि पाणी जास्तीत जास्त पोटात जाईल असं बघा म्हणाले. काकांनी विचारलं घरातली पॅरासिटामॉल अर्धी दिली तर चालेल का, तर डॉक्टर जवळजवळ उठूनच उभे राहिले. मांजराला पॅरासिटामॉल हे विष आहे, अर्धी सोडा, तुकडासुद्धा नाही.

आता मूत्राशयाचा आणि ताणाचा संबंध काय, हे काकांना पटत नव्हतं आणि ते साहजिक आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांच्या कामातून जे दिसलं ते असं की या मांजरांची शरीराची अलार्म यंत्रणा सतत चालूच राहते, आणि मूत्राशयाच्या आतलं जे संरक्षक अस्तर असतं ते कमी पडायला लागतं, मग शू आतूनच झोंबते. २००६ मध्ये त्यांच्या टीमने छापलेल्या अभ्यासात अशा मांजरांच्या घरातली व्यवस्था बदलली, म्हणजे ट्रे, लपायच्या जागा, खेळ, माणसांचं वागणं वगैरे, तर नुसत्या शूच्याच तक्रारी नाही तर भीती आणि घाबरटपणाही कमी झालेला आढळला. तेव्हा "मनाचं कारण आहे" म्हणजे "खोटं आहे" असं नाही, ढब्बूला खरंच दुखत होतं.

घरात मात्र वेगळीच थिअरी चालू होती. काकांनी जानेवारीत कधीतरी त्याला पडदे ओरबाडले म्हणून पेपरची गुंडाळी करून दरडावलं होतं, त्याचा तो सूड उगवतोय, म्हणूनच त्यांच्याच बाजूला करतो. हे मी इतक्या घरात ऐकलंय आणि दर वेळी पोटात कालवतं, कारण याच एका समजापायी मांजरं रस्त्यावर जातात. मांजर सूड म्हणून शू करत नाही. ज्याला शू करताना जळजळ होते तो जिथे दुखलं ती जागा टाळतो आणि मऊ, कोरडी, सुरक्षित जागा शोधतो. गादी मऊ असते, उंचावर असते, तिथून खोलीचं दार दिसतं आणि तिला घरच्या माणसाचा ओळखीचा वास असतो. काकांची बाजू भिंतीकडची होती, बस इतकंच.

मग खरा प्रश्न उरला की ताण कसला. घरात नवीन बाळ नाही, पाहुणे नाहीत, खाणं बदललेलं नाही. एकच बदल सगळ्यांना माहीत होता, तो म्हणजे जानेवारीपासून सोसायटीचं रिपेअरिंग काढलेलं. प्लास्टर तोडणं, क्रॅक भरणं, मग रंग, बिल्डिंगला चारी बाजूंनी बांबूची परांची आणि त्यावर हिरवी जाळी. सगळ्यांचं एकमत की आवाजाचा त्रास होतोय. तसं आवाजाचं चूक नाहीच, आपल्याला जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वर, ड्रिल मशीन त्याला आपल्यापेक्षा वेगळंच ऐकू येत असणार. पण एक गोष्ट जुळत नव्हती. काम चालायचं दिवसा, रविवारी बंद. आणि सूनबाईंनी माझ्या सांगण्यावरून वहीत जे टिपून ठेवलं होतं त्यात गादीवरची शू आणि चिंगीवरचे हल्ले जवळजवळ सगळे पहाटे, सूर्य उगवायच्या आधीचे होते, रविवार धरून.

ही वही फार कामाची असते. काय झालं, कुठे झालं, किती वाजता, त्याच्या आधी दहा मिनिटं घरात काय चाललं होतं, बास. "हल्ली सारखंच करतोय" असं सांगितलं की काहीच कळत नाही.

मी घरी गेले तेव्हा ढब्बू फ्रिजवर बसलेला होता, पाय अंगाखाली घट्ट ओढून, शेपटी अंगाला लपेटून. बघणाऱ्याला वाटेल मस्त आराम चाललाय. पण डोळ्यांची बाहुली खोलीत लख्ख उजेड असून मोठी झालेली आणि मान खांद्यात गेलेली. सैल पडलेलं मांजर आणि आवळून बसलेलं मांजर यातला फरक एकदा दिसायला लागला की मग दिसतच राहतो. चिंगी पलंगाखालच्या बॅगांमागे होती, काकू तिथेच तिला वाटी सरकवत होत्या.

त्यांचा लिटर ट्रे एकच, झाकणवाला, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी. मी किचनमध्ये स्टुलावर गप्प बसून राहिले. बऱ्याच वेळाने ढब्बू खाली उतरला आणि ड्राय बाल्कनीच्या उंबऱ्याशी आला. एक पुढचा पाय उंबऱ्यावर ठेवला आणि तिथेच थांबला. कान समोर नाही, बाजूला वळलेले, पाठीवरची कातडी शेपटीपर्यंत थरथरली, नाक वर करून ग्रिलच्या खालच्या कोपऱ्याकडे हुंगलं आणि तोंड किंचित उघडं ठेवून तसाच उभा राहिला. मग पाय मागे घेतला आणि न वळता, उलट्या पावली दोन पावलं सरकला. ट्रेमध्ये गेलाच नाही. त्याला जायचं होतं आणि जाता येत नव्हतं, हे बघताना मला खरंच भरून आलं.

त्या कोपऱ्यात मी वाकून हुंगलं तर मलाही वास आला, बोक्याचा, तो उग्र वास ज्याला एकदा आला तो विसरत नाही. ढब्बूचा नव्हे.

रात्री मुलाने जुना मोबाईल किचनच्या ओट्यावर रेकॉर्डिंगला लावून ठेवला. पहाटे चार वाजून गेल्यावर हिरवी जाळी हलते, आणि परांचीच्या आडव्या बांबूवरून एक मोठा, गालफाडं सुटलेला काळा-पांढरा बोका आरामात चालत येतो. खालच्या गल्लीतला, मासळीवाल्याच्या आसपास फिरणारा. ड्राय बाल्कनीला काच नव्हतीच, फक्त ग्रिल आणि जाळी, तो अगदी जाळीला नाक लावून बसतो. मग वळतो, शेपटी ताठ करून हलवतो आणि बांबूवर फवारा मारतो. आत ढब्बू, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुललेली, खोल गुरगुरतोय. आणि नेमकी तेव्हा चिंगी झोपेतून उठून पाणी प्यायला किचनमध्ये येते. पुढचे चार सेकंद नुसतं केस आणि किंचाळणं.

दुसऱ्या मजल्यावर आजवर एकही बोका चढला नव्हता, चढायला काही नव्हतंच. सोसायटीने जानेवारीत त्याला जिना बांधून दिला.

चिंगीवरचा हल्ला म्हणजे वळवलेला राग. ज्याच्यावर राग आहे तो जाळीपलीकडे, हाताला लागत नाही, मग जो जवळ येईल त्याच्यावर तो निघतो, साहेबावरचा राग घरी येऊन पोरांवर निघावा तसा. पण मांजरांत पुढचं जास्त अवघड असतं, कारण चिंगीच्या दृष्टीने काहीच कारण नसताना ढब्बूने तिला फाडलं, ती त्याला बघून पळायला लागली, पळणारी दिसली की तो पाठलाग करायला लागला, आणि बाहेरचा बोका नसतानाही हे सुरू राहिलं. मूळ कारण गेलं तरी हे आपोआप मिटेलच असं नसतं.

काम दोन्हीकडून सुरू केलं. बाहेरचं आधी सांगते. ड्राय बाल्कनीच्या ग्रिलला बाहेरून कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा करून बांधला, कमरेच्या उंचीपर्यंत, वरून हवा येत राहिली. बेडरूमच्या सरकत्या खिडक्यांच्या खालच्या काचांना दुधी फिल्म चिकटवली. काकांनी स्वतः सेक्रेटरींना गाठलं, आणि ज्या उभ्या बांबूंवरून तो चढत होता त्यांना कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने गुळगुळीत पत्रा गुंडाळून दिला. गल्लीत मांजरांना खायला घालणाऱ्या एक ताई आहेत, त्यांच्या मदतीने त्या बोक्याला पिंजऱ्यात पकडून नसबंदीला नेलं. त्याचा काय दोष होता, नसबंदी न झालेला बोका हद्द आखत फिरणारच. ऑपरेशननंतर भटकणं, मारामाऱ्या आणि फवारे बहुतेक बोक्यांत कमी होतात, हॉर्मोन उतरायला काही आठवडे जातात फक्त.

आतलं काम ट्रेपासून. नियम सोपा आहे, जितकी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्त, आणि ते एकाच जागी ओळीने मांडायचे नाहीत, नाहीतर मांजराच्या हिशोबात तो एकच. इथे काकू अडल्या, घर केवढं आणि शीचे तीन डबे कुठे ठेवू, पाहुणे काय म्हणतील. हा प्रश्न खोटा नाही, आपली घरं लहानच आहेत. शेवटी एक हॉलमध्ये शू-रॅकच्या आडोशाला, एक मुलाच्या बेडरूममध्ये टेबलाखाली, एक बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये. दुकानातले महागडे ट्रे घेतलेच नाहीत, प्लास्टिकचे मोठे चौकोनी टब आणले, मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवेत, आणि झाकण नको. झाकणाच्या डब्यात आत गेलेल्या मांजराला कोण येतंय ते दिसत नाही, बाहेर पडायला वाट एकच, ज्या घरात दुसरं मांजर दबा धरून बसू शकतं तिथे तो सापळा वाटतो. शिवाय जुना ट्रे वॉशिंग मशीनला खेटून होता, स्पिन सुरू झालं की सगळी जमीन हादरते.

आणि फिनाईल. काकू गादी, लादी सगळं फिनाईलने दोनदा पुसत होत्या, घर स्वच्छ राहावं म्हणून जीव तोडून. फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाहीत, पंजाला लागतं, मग ते चाटतं. अमोनियावालं क्लीनरही नको, त्याचा वास मांजराला शूसारखाच लागतो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते जिरवून ठेवायचं, घासायचं नाही. डांबराच्या गोळ्या कपाटातून काढल्या, देवघरातला कापूर आणि धूप दार लावून. घराच्या वासात स्वतःचा वास टिकणं ही मांजराची मोठी गरज आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन यांनी २०१३ मध्ये घरातल्या मांजराच्या ज्या पाच गरजा सांगितल्या त्यातली ती एक. सुरक्षित जागा, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेलं खाणं-पाणी-ट्रे, शिकारीसारखा खेळ आणि माणसाचं अंदाज बांधता येईल असं वागणं या बाकीच्या चार. मला विचाराल तर आपल्या घरांमध्ये वासाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

लपायच्या जागांना पैसे लागले नाहीत. खोके. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या संशोधकांनी २०१४ मध्ये शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या मांजरांवर अभ्यास केला होता, ज्यांना लपायला खोका दिला ती ज्यांना नाही दिला त्यांच्यापेक्षा लवकर सावरली. इथे ऑनलाइन ऑर्डरची खोकी प्रत्येक खोलीत ठेवली, दोन बाजूंनी भोकं पाडून, म्हणजे पळायला दुसरी वाट राहते. माळ्यावरची एक कड रिकामी करून तिथे काकूंची जुनी गोधडी टाकली. काम चालू असायचं त्या वेळात आतल्या बेडरूमचं दार लावून पंखा आणि हळू आवाजात रेडिओ.

ढब्बू आणि चिंगीला पूर्ण वेगळं केलं, दोन खोल्या, मधलं दार बंद. सूनबाईंना हे क्रूर वाटत होतं, "दोघं इतकी वर्षं एकत्र होती ताई". पण एकमेकांना बघून रोज घाबरण्यापेक्षा काही काळ न बघणं चांगलं. याच्या गालावर फिरवलेला रुमाल तिच्या जेवणाजवळ, तिचा याच्याजवळ. मग बंद दाराच्या दोन बाजूंना वाट्या, आधी लांब, मग हळूहळू दाराजवळ. मग दार बोटभर उघडं. कुणी खाणं सोडून टक लावून बघायला लागलं तर मागची पायरी. याला आठवडे लागले आणि ते लागायलाच हवे होते. जिथे घाई होते तिथे एका मारामारीत सगळी मेहनत पाण्यात जाते.

पाण्यासाठी ओलं खाणं सुरू केलं, उकडलेल्या चिकनचं बिनमीठ-बिनकांद्याचं पाणी त्यात मिसळून, आणि पाण्याची भांडी ट्रेपासून लांब तीन ठिकाणी. एक दिवस ढब्बूने काहीच खाल्लं नाही तेव्हा लगेच डॉक्टरांना फोन केला, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर चरबी चढू शकते, गुबगुबीत मांजरात तर जास्तच. फॉलोअपला नेताना डॉक्टरांनी आधी द्यायला गॅबापेंटिन लिहून दिलं होतं, त्याने तो क्लिनिकमध्ये बराच शांत राहिला. डोस मुद्दाम लिहीत नाही, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

काकांचं मात्र मला सगळ्यात कौतुक वाटतं. त्यांना सांगितलं होतं की त्याला उचलायचं नाही, रोखून बघायचं नाही, डोळे अर्धे मिटायचे, सावकाश उघडायचे. २०२० मध्ये ससेक्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलंय की माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरं बरेचदा तसंच उत्तर देतात आणि जवळही येतात. सोडून येऊ म्हणणारे काका रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांच्या वेळी टीव्हीचा आवाज बंद करून फ्रिजसमोर स्टूल टाकून बसायला लागले. सुरुवातीला ढब्बू नजर वळवायचा. मग एक दिवस त्याने पापण्या खाली आणल्या आणि काकांनी किचनमधूनच हाक मारली, "अगं ए, केलं त्याने, केलं!" त्याच वेळेला रोज दोरीला पीस बांधून खेळ, शेवटी खाणं. वेळ ठरलेली.

निकाल सांगताना एक गोष्ट स्पष्ट ठेवते. या आजाराचा एकेक झटका बरेचदा आठवड्याभरात आपणहून उतरतो, त्यामुळे आठ दिवसांत रक्त थांबलं याचं श्रेय खोक्यांना देता येत नाही. खरी गोष्ट पुढची, तो परत येतो का. मार्चभर गादी कोरडी राहिली, परांची तशीच उभी असताना. एप्रिलमध्ये रंगकाम आलं, त्या वासात आणि त्याच सुमारास भाचरं सुट्टीला राहायला आली त्यात, पुन्हा दोन दिवस थेंब थेंब सुरू झालं. या वेळी घरात घबराट झाली नाही, लगेच तपासून घेतलं, अडकलेलं नाही बघितलं, ढब्बूला आतली खोली दिली, मुलांना सांगितलं दादा झोपलाय, आणि ते तिथेच थांबलं. ज्या मांजराला एकदा हे झालं त्याला पुन्हा होऊ शकतं, हे घरच्यांनी मान्य केलंय.

मेच्या शेवटी परांची उतरली. ढब्बू आणि चिंगी आता एकाच खोलीत असतात, एकाच वेळी खातात, कधीमधी नाकाला नाक लावतात. आरामखुर्चीत एकत्र झोपणं परत आलेलं नाही, चिंगी सोफ्याच्या पाठीवर झोपते आणि तिला ते पुरेसं आहे असं तिच्याकडे बघून वाटतं. तिन्ही ट्रे आहेत तिथेच ठेवायचं ठरलंय, पाहुण्यांनी विचारलं तर काकूच उत्तर देतात. दिवाळीनंतर गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघणार आहे, काकांनी तारीख आणि परांची कुठल्या बाजूला लागणार ते सेक्रेटरींकडून आत्ताच विचारून घेतलंय, आणि पत्रे जपून ठेवायला सांगितलेत.